मी गळत नाही

मी एक जुनी शिडाची होडी आहे, मित्रांनो, आणि हे मला सांगावं लागतंय यातच सगळं आलं. कारण आज मला बघाल तर तुम्ही होडी म्हणणार नाही. फुलंब्रीच्या एका शेतात, बोअरच्या पाइपाजवळ, चार दगडांवर मला बसवलेलं आहे. डोलकाठी नाही, शीड नाही, सुकाणू नाही. पोटात पाणी भरलेलं आहे आणि काठाला पन्नासेक मेंढ्या तोंड घालून उभ्या आहेत. इथली माणसं मला हौद म्हणतात. मेंढ्या काहीच म्हणत नाहीत. पाणी पितात, माझ्या अंगाला अंग घासतात आणि चरायला जातात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मला घडवणाऱ्या माणसाबद्दल.

माझा जन्म समुद्रकाठचा नव्हे. छत्रपती संभाजीनगरात समुद्र कुठून आणणार? मी जन्मले मुकुंदवाडीत, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. घर रामकिसन यांचं. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. लोखंड आणि पितळ त्यांच्या हातात शहाण्यासारखं वागायचं, पण लाकडाशी त्यांची ओळख नव्हती. तरी त्यांनी होडी बांधायला घेतली, ती आईसाठी.

त्यांची आई म्हणजे साळूबाई. त्यांचं माहेर पैठणकडचं, गोदाकाठचं. धरण झालं आणि नाथसागरानं जी गावं पोटात घेतली, त्यांत तेही गेलं. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. पुढे लग्न होऊन फुलंब्रीला आल्या, लेकरं झाली, नातवंडं झाली, पण 'माहेरी जाऊन आले' असं त्यांना कधी म्हणता आलं नाही. सरकारनं वसवलेल्या नव्या गावाला त्या माहेर मानायला तयार नव्हत्या. एकदा धरणाच्या काठावर उभ्या असताना त्या सहज बोलून गेल्या, "पान्यावरून का व्हईना, येकदा गावावरून जायला पायजे व्हतं." लेकानं ते ऐकलं आणि मनात धरलं.

दोन वर्षं त्यांच्या साऱ्या सुट्ट्या माझ्यात गेल्या. पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकींना शिवायच्या. होय, मला शिवलेलं आहे. तारेचं एक टोक रामकिसन ओढायचे आणि दुसरं साळूबाई धरायच्या. "गोधडीवानीच हाय की हे," असं म्हणून त्यांनी लेकाचे दोन टाके उसवायला लावले होते, वाकडे पडले म्हणून. मग शिवणीवर राळेचा थर, वर रंग, आणि पुढच्या अंगाला दोन्हीकडे पांढऱ्या अक्षरांत नाव: साळू.

आणि माझं बूच! मित्रांनो, हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्या बुचाभोवती फिरते. होडीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी काठावर आणली की बूच काढायचं, आत साचलेलं पाणी वाहून जातं. पुन्हा पाण्यात सोडण्याआधी ते घट्ट पिळून बसवायचं. रामकिसन यांनी माझं बूच स्वतः लेथवर कातलं, जेवणाच्या सुट्टीत. भरीव पितळेचं, बारीक आट्यांचं, बोटांना धरायला खरबरीत कडा असलेलं. तसं बूच साऱ्या नाथसागरावर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगीच नाही.

शिडाच्या होड्या बाळगणारी सात-आठ घरं तेव्हा नाथसागरावर रविवारी जमायची. कुणी डॉक्टर, कुणी कॉलेजात शिकवणारं. सगळ्यांत वडीलधारे बद्रीनाथकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्याचं नाव 'शिडवाले'. आठवडाभरात ज्यानं-त्यानं आपल्या होडीचं काय केलं, ते तिथं टाकायचं. कुणी नवा दोर घेतला, त्याचा फोटो. कुणी सुकाणू घासून वॉर्निश लावलं, त्याचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो. कुणी बायको-पोरांना फिरवून आणलं, तर पाण्यावर डबा खाणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचा फोटो. रामकिसन हे सगळं मोठ्यानं वाचायचे. माझ्याजवळ बसून, माझ्या काठावर कोपर टेकून. त्यामुळे कुणाच्या होडीला काय दुखतंय-खुपतंय ते मलाही ठाऊक असायचं.

माझा पहिला फोटो पडला तेव्हा मंडळी हसली, हे कबूल करते. माझं पहिलं शीड मांडववाल्यानं मांडवाच्याच कापडाचं शिवलं होतं. वारा आला की त्याचा फुगा व्हायचा. "लग्न कुणाचं हाय, रामकिसन?" असं बद्रीनाथकाकांनी लिहिलं होतं. पण दुसरं शीड आलं, आणि मी वाऱ्याला अंग देऊन चालायला लागले, तेव्हा तेच काका काठावरून ओरडले, "अरे, ही तर पळती की!"

माझी पहिली मोठी सफर साळूबाईंची. नात संस्कृती तेव्हा चार वर्षांची, आजीच्या मांडीवर. बद्रीनाथकाकांनी जुन्या नकाशावरून जागा काढून दिली होती. तिथं पोचलो तेव्हा रामकिसन यांनी शीड सोडलं आणि मी थांबले. साळूबाईंनी पिशवीतून खण आणि नारळ काढला. माहेराला आलेल्या लेकीची ओटी भरतात. इथं लेकीनंच गावाची ओटी भरली. खण पाण्यावर पसरला, हळूहळू भिजला आणि खाली गेला. "इथं पार व्हता. इथं आमची चूल," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या काठावरून हात फिरवत राहिल्या. मी त्या दिवशी जितकी सुखी होते तितकी पुन्हा कधी झाले नाही.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली. संस्कृती माझ्यातच वाढली म्हणा ना. सुकाणू धरायला शिकली, गाठी मारायला शिकली. काही बिनसलं की माझ्या पुढच्या टोकाशी येऊन बसायची आणि माझ्याशीच बोलायची. "साळू, तुझ्यावर लई भरवसा हाय माझा," असं ती मला म्हणायची. आजीच्या नावानं हाक मारायची मुभा तिला फक्त माझ्याबाबतीत होती, ती ती पुरेपूर वापरायची.

आता त्या रीतीबद्दल सांगते. एकदा ग्रुपमधले डॉक्टर बूच न बसवताच पाण्यात उतरले. काठाजवळच होडी घोटाभर भरली, फार काही झालं नाही. पण रामकिसन पोट धरधरून हसले. "डॉक्टरसाहेब, टाका घालायचा राहिला का?" असं ते त्यांना पुढे वर्षभर चिडवत होते. आणि त्यांनीच नियम सुचवला: होडी पाण्यात सोडताना काठावरच्यानं मोठ्यानं विचारायचं, "बूच?" आणि मालकानं हात लावून खात्री करून उत्तर द्यायचं, "बसलं!" तेव्हापासून दर रविवारी नाथसागराच्या काठावर हे दोन शब्द घुमायचे. देवळात शिरताना घंटा वाजवावी, तसे.

त्या जानेवारीतल्या रविवारी बद्रीनाथकाकांनी विचारलं, "बूच?"

रामकिसन यांच्या हातात मोबाइल होता. गेले काही महिने त्यांच्या मनात एक नवी फायबरची होडी भरली होती, आणि तिचे फोटो ते डॉक्टरांना दाखवत होते. मला ते कळत होतं. कळलं तरी होडी काय करणार? त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बसलं!"

बूच त्यांच्या लाइफ जॅकेटच्या चेनच्या खिशात होतं.

मी पाण्यात उतरले आणि मला पहिल्या क्षणीच कळलं. गार पाणी आत शिरत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी अख्खा नाथसागर डोक्यावर घेतला असता. वारा चांगला होता, आम्ही भराभर आत गेलो. संस्कृतीचे पाय ओले झाले तेव्हा काठ बराच मागे राहिला होता. रामकिसन मगानं पाणी उपसायला लागले. उपसणार किती? भोक तर उघडंच! मी जड झाले, एका अंगावर कलले, आणि दोघंही पाण्यात गेली.

पण मी बुडाले नाही, मित्रांनो. माझ्या पाटांखाली हवेच्या बंद पेट्या आहेत. तोंडापर्यंत भरले तरी मी तरंगत राहिले. बापलेकीनं माझा काठ घट्ट धरला होता. बद्रीनाथकाकांची होडी येईपर्यंत अर्धा तास गेला. ती पोर थंडीनं आणि भीतीनं थरथरत होती. मी जमेल तेवढी स्थिर राहिले. माझ्या मते तो अर्धा तास ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली चाकरी.

काठावर मला ओढून काढलं. मंडळी धावत येत होती. रामकिसन माझ्या मागं उभे होते. तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी जॅकेटची चेन उघडली, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. मूठ बाहेर आली. त्यांनी ती थोडी उघडून पाहिलं. पितळ चमकलं. मग मूठ परत खिशात गेली आणि चेन बंद झाली. ते फक्त मी पाहिलं.

"काय झालं? आं? काय झालं रामकिसन?" बद्रीनाथकाका धापा टाकत आले.

"कुजली, काका. लाकूड कुजलं. तळाला फट पडली असंल." असं म्हणत ते भोकासमोर उभे राहिले. "बूच आत्ताच काढलंय, पानी जाऊ द्या."

कुणी वाकून बघितलं नाही. बघायचं कारणच काय? ज्यानं 'बूच?' विचारायची रीत पाडली, तोच बूच विसरेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "जुन्या लाकडाचं असंच असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

चुकीचा मला राग नाही, हे आधी सांगून टाकते. माणसं विसरतात. विसरतात म्हणून तर तो प्रश्न विचारायची रीत पडली. पण ज्यानं मला टाका-टाका शिवलं, ज्याला माझ्या प्रत्येक फळीची नस ठाऊक होती, त्यानं चारचौघांत मला कुजकी म्हटलं, आणि ते खोटं आहे हे त्याच्या खिशाला माहीत होतं. आणि खरं दुखलं ते पुढेच. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली संस्कृती माझ्याजवळ आली. तिनं माझ्या नावावर हात ठेवला नाही. लांबूनच म्हणाली, "मी तुझ्यावर भरवसा ठेवला व्हता साळू. तू मला बुडवायला निघालीस."

यावर मी काय बोलणार?

नवी फायबरची होडी महिन्याभरात आली. 'शिडवाले' ग्रुपवर तिचे फोटो पडले, अभिनंदनांचा पाऊस पडला. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली होते. साळूबाईंना सांगितलं गेलं की होडी कुजली, जुनी झाली. त्या काठी टेकत आल्या, ताडपत्री वर करून मला बघितलं आणि लेकाला म्हणाल्या, "मीबी जुनीच हाय की रं. मलाबी टाकशील व्हय?" रामकिसन हसले. ते हसू ओठांपुरतंच होतं, हे मी तिथून पाहिलंय.

मग एक दिवस त्यांनी खरवडणी घेतली आणि माझं नाव खरवडून काढलं. दोन्ही बाजूंनी. आईचं नाव मेंढ्यांच्या हौदावर नको, एवढी लाज मात्र त्यांना होती. फुलंब्रीला त्यांचं शेत आहे. तिथं दरवर्षी मुंजाबा नावाचे धनगर आपल्या मेंढ्या खतासाठी बसवतात. त्या बदल्यात यंदा त्यांना मी मिळाले.

मुंजाबांनी मला दगडांवर ठेवलं, मागचं भोक पाहिलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाला फडकं गुंडाळून त्यात ठोकलं आणि बोअर चालू केला. त्यांची बायको सखूबाई म्हणाली, "अवो, कुजकी हाय म्हनं ती. ऱ्हाईल का पानी?"

"बघू की. नाय ऱ्हायलं तर सरपनाला व्हईल."

त्यांनी आतल्या बाजूला कोळशानं एक रेघ ओढली, पाण्याच्या काठाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई आली, वाकून बघितलं आणि हाक मारली, "अवो, या हिकडं! येक थेंब गळला नाय. रेघंला रेघ हाय!"

"आन् भाऊ तर म्हनले तळ गेलाय."

"मंग तेंचाच डोळा गेला असंल," सखूबाई म्हणाली आणि दोघं हसली.

मित्रांनो, मी सात वर्षं पाणी बाहेर ठेवलं होतं. आता पाणी आत ठेवत होते. माझं काम उलटं झालं, पण मी ते चोख केलं. आणि त्या कोळशाच्या रेघेकडे बघून मला रडू येत होतं. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्याच पोटात काठोकाठ भरलेला होता, आणि तो पाहायला आल्या होत्या मेंढ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रामकिसन शेतात आले तेव्हा संस्कृतीही सोबत होती. आता बारा वर्षांची. ती येणार हे मुंजाबांच्या बोलण्यातून कळलं होतं, आणि मी आशा धरू नये असं ठरवूनही धरली होती. ती बोअरवर पाणी प्यायला आली आणि थबकली. नाव नव्हतं, तरी तिनं मला ओळखलं. काठाला जिथं ती पाय टेकायची, तिथला रंग गेलेला आहे.

तिनं पाण्याकडे बघितलं. मग कोळशाच्या रेघेकडे.

"मुंजाबाकाका, हे पानी रोज भरता का?"

"रोज कशाला? मेंढ्या पित्यात तेवढंच कमी व्हतं, बाई. लई पक्की हाय ही."

संस्कृतीनं खिशात हात घातला. तिची घराची किल्ली एका गोफात अडकवलेली होती, आणि किल्लीबरोबर एक आट्यांचा पितळी तुकडा. माझं बूच! नंतर तिच्या बोलण्यातून कळलं, तिचं स्वतःचं जॅकेट लहान झालं म्हणून बापाचं जुनं जॅकेट तिला मिळालं होतं, आणि चेनच्या खिशात तिला ते सापडलं होतं. "जुनं आहे, टाकून दे," असं बापानं म्हटलं होतं. पाणी काढून टाकल्यावर खिशात राहिलं असेल असं समजून, छान चमकतंय म्हणून पोरीनं ते ठेवून घेतलं होतं. त्याचा खरा अर्थ तिला त्या क्षणी लागला. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पप्पा, इकडं या."

रामकिसन आले. पाण्याकडे पाहिलं, पोरीच्या हाताकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"पप्पा, हे त्या दिवशी तुमच्या खिशात व्हतं ना?"

त्यांनी आधी मागं वळून बघितलं. मुंजाबा मेंढ्या हाकायला लांब गेले होते. वारा नव्हता. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं, "व्हय."

"तुम्हाला तेव्हाच कळलं व्हतं?"

"काठावर आल्यावर कळलं. सगळे उभे व्हते गं. डॉक्टरांना मीच एवढं हसलो व्हतो..." त्यांनी घाम पुसला. "ग्रुपवर नको सांगू, बाळा. आजीलाबी नको. माझी काय इज्जत राहील?"

"आन् हिची?"

एवढंच विचारलं तिनं. माझ्याकडे बोट करून. मी चार महिने या दोन शब्दांसाठी थांबले होते.

संस्कृती माझ्या मागं गेली, मक्याचं कणीस ओढून काढलं. पाण्याची धार तिच्या अंगावर आली, ती भिजली, पण तिनं बूच लावलं आणि पिळत पिळत घट्ट बसवलं. ते आपल्या जागी बसलं तेव्हा काय वाटलं, ते सांगता येणार नाही. मग ती सरळ उभी राहिली आणि बापाकडे बघत, बद्रीनाथकाका विचारायचे तसं, मोठ्यानं म्हणाली, "बूच?"

मालकानं उत्तर द्यायची रीत आहे. पण उत्तर आलं भलतीकडूनच. परत येणाऱ्या मुंजाबांना या सगळ्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "बसलं की, बाई! येक थेंबबी येत नाय!"

सखूबाईकडे गेरूचा डबा होता. कोणती मेंढी आपली हे कळावं म्हणून तिच्या पाठीवर त्याचा पट्टा ओढतात. संस्कृतीनं तो डबा मागून आणला, त्यात बोट बुडवलं आणि माझ्या पुढच्या अंगावर, खरवडलेल्या जागी, नाव लिहिलं: साळू. लिहून झाल्यावर तिनं कपाळ माझ्या काठाला टेकलं आणि हळूच म्हणाली, "माझं चुकलं. तू नव्हतं बुडवलं. तूच धरलं व्हतं." मग बापाला म्हणाली, "तुम्ही सांगेपर्यंत मी नव्या होडीत बसणार नाय."

"पुढच्या रविवारी सांगतो," रामकिसन म्हणाले. त्यांनी माझ्या नावाकडे एकदा पाहिलं. हात मात्र लावला नाही.

त्या रविवाराला आता सात रविवार झाले. मुंजाबांनी मागं रामकिसन यांना फोनवर विचारलं होतं, पोरगी कशी आहे, होडीत जाते का. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण मुंजाबा सखूबाईला म्हणाले, "भाऊ येकटेच जात्यात म्हनं आजकाल."

मित्रांनो, तुमच्या घरात बोलता न येणाऱ्या पुष्कळ वस्तू असतील. सायकल, शिलाई मशीन, पाण्याचा माठ. त्यांना पुसा, तेल द्या, उन्हापावसातून आत घ्या, ते तर कराच. पण कधी काही बिघडलं, आणि चारचौघांत 'हीच खराब आहे' असं म्हणायला तोंड उघडलं, तर आधी आपला खिसा चाचपून बघा. आणि खिशात काही सापडलंच, तर मूठ बंद करू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही, म्हणून आमच्यावर काहीही ढकलता येतं. पण पोरांना बोलता येतं, आणि ती कधीतरी पाणी प्यायला येतात.

माझं नाव गेरूचं आहे. पक्का रंग नव्हे तो. मेंढ्या रोज अंग घासतात आणि रोज थोडं पुसलं जातं. 'ळू' तर मागच्या आठवड्यातच गेला. रामकिसन खरं बोलतील तेव्हा ते पुरतं पुसलेलं असेल की नाही, मला माहीत नाही. आज सकाळपर्यंत तरी 'सा' वाचता येत होता.